दवाखान्याचं सॉफ्टवेअर: कोड उघडा, पण कारभार?

केसपेपर

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचा दवाखाना ट्रस्टचा, तालुक्याच्या गावातला. ओपीडी, छोटी लॅब, आवारातच मेडिकल आणि एक ऑपरेशन थिएटर. संगणकीकरण बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्थानिक कंपनीकडून करून घेतलं होतं. तो मालक आता धंदा आवरतोय, पुढची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घेणार नाही म्हणाला. ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये एकाने "ते ओपन सोर्स का काय, फुकट मिळतं म्हणे" असा विषय काढला (ज्याचा कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, कोणालाही बघता-बदलता येतो ते ओपन सोर्स) आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी सगळे माझ्याकडेच बघतात.

तर वाचायला लागलो. सुरुवात ओपनएमआरएसपासून केली, रुग्णांच्या नोंदी ठेवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. केनियातल्या एल्डोरेट भागात तेव्हा एचआयव्हीच्या रुग्णांची संख्या झपाट्याने वाढत होती. जवळच्या मोसोरियोतच्या आरोग्य केंद्रात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर बांधलेली नोंदणी चालायची, पण ती एवढ्या रुग्णांना पुरणार नव्हती. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधल्या बर्क मॅमलिन आणि पॉल बायोंडिच या डॉक्टरांनी २००४ साली नवा आराखडा मांडला. पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि दक्षिण आफ्रिकेची मेडिकल रिसर्च कौन्सिल याच अडचणीशी आपापल्या जागी झगडत होत्या. तिघांनी तीन सॉफ्टवेअर करण्याऐवजी एकच करायचं ठरवलं. फेब्रुवारी २००६ मध्ये ते एल्डोरेटला सुरू झालं, त्याच वर्षी रवांडात आणि दक्षिण आफ्रिकेतही गेलं.

आत डोकावल्यावर मला पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे नोंद सहसा पुसली जात नाही. चुकीचं हिमोग्लोबिन टाकलं तर ती ओळ रद्द अशी खूण होऊन तशीच राहते आणि शेजारी कोणी रद्द केली, कधी केली, का केली याचे रकाने असतात. आमच्या सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिलीट दाबलं की हिमोग्लोबिन गेलं ते गेलंच. दुसरं म्हणजे तिथे प्रत्येक प्रश्न आणि उत्तर ही 'कन्सेप्ट' असते. 'खोकला किती दिवस' हे नव्याने विचारायचं ठरलं तर डेटाबेसमध्ये कॉलम पाडत बसायचं नाही, शब्दकोशात एक नोंद वाढवायची. आणि हा शब्दकोशही शून्यापासून करायला नको. कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेला 'सील' नावाचा शब्दकोश अनेक देशांतले दवाखाने सामाईक वापरतात.

मग बाहम्नी. हे आपल्या जवळचं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचा दवाखाना आहे, तिथे २०१३ मध्ये ते पहिल्यांदा बसवलं गेलं. थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी रुग्णाच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस आणि बिल-साठ्यासाठी ओडू अशी तीन तयार सॉफ्टवेअरं जोडून त्यावर एक तोंडवळा चढवला. डेमो उघडून बघितला तर रुग्णाच्या नंबराआधी 'जीएएन' अशी अक्षरं. गनियारीची! औषध लिहायच्या पानावर एक बटण दाबलं की सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन चौकोन येतात, म्हणजे आपल्या डॉक्टरांचं १-०-१ जसंच्या तसं टाकता येतं. हे बनवणारा माणूस ओपीडीत खुर्ची टाकून बसला असणार, त्याशिवाय असलं सुचत नाही.

पण वाचता वाचता माझं लक्ष कोडपेक्षा दुसरीकडेच गेलं. ओपनएमआरएसच्या लोकांची भांडणं उघड्यावर आहेत. एखादी सोय का घेतली, का काढली, कोणी विरोध केला, त्याला काय उत्तर मिळालं, हे सगळं जुन्या चर्चांमध्ये आजही वाचायला मिळतं. आता याच्या शेजारी आपलं आरोग्य सेतू ठेवा. २ एप्रिल २०२० ला ॲप आलं, २६ मे ला अँड्रॉइडचा कोड जाहीर झाला, टाळ्या पडल्या. सर्व्हरच्या बाजूचा कोड यायला आणखी कितीतरी महिने गेले. ॲपच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या आणि जाहीर केलेला कोड मागेच राहिला, अशी तक्रारही तेव्हा बरीच झाली. दोन्हींना ओपन सोर्सच म्हणायचं का? एका ठिकाणी काम सगळ्यांसमोर होतं, दुसऱ्या ठिकाणी झालेलं काम नंतर दाखवतात.

माझं मत असं बनत चाललंय की दवाखान्याने ओपन सोर्सचं लायसन्स बघून भुलू नये, निर्णय कुठे आणि कोणासमोर होतात ते बघावं. पण मी पडलो प्रिंटर दुरुस्त करणारा. ज्यांनी अशा प्रकल्पांत काम केलंय किंवा जे असलं सॉफ्टवेअर रोज वापरतात, त्यांनी लिहा.

खवचट_बाळ्या

फुकट ते पौष्टिक. खुर्ची टाकून बसलोय. :)

डॉ_बांधावरचे

विषय चांगला घेतलात, पण दोन शंका आहेत.

पहिली, कोड उघडा म्हणजे कोणीही बघू शकतो. उद्या माझ्या एचआयव्हीच्या पेशंटची माहिती गावभर झाली तर तोंड मी दाखवायचं की तुमच्या त्या केनियावाल्यांनी? दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला, कित्येक दिवस सगळं कागदावर चालवावं लागलं. एम्सची ही गत तर आमच्यासारख्यांचं काय?

दुसरी, सकाळच्या ओपीडीत मला मान वर करायला फुरसत नसते. टाइप करायचं म्हणजे पेशंटकडे पाठ. कोड उघडा आहे की बंद याने मला काडीचा फरक पडत नाही. दोन क्लिकमध्ये प्रिस्क्रिप्शन छापून आलं पाहिजे, बस.

तळटीप

वाचनखूण साठवली आहे. केसपेपर, मस्त लिहिलंय.

डॉक्टरसाहेब, कोड आणि डेटा या वेगळ्या गोष्टी. कोड जगाला दिसतो, पेशंटची माहिती तुमच्या सर्व्हरवर तुमच्याच कुलपात राहते. पण तुमची भीती उडवून लावणार नाही, कारण तिचा एक खरा भाग आहे. ओपनएमआरएसमध्ये एक फार वाईट भोक सापडलं होतं. बाहेरच्या माणसाला पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येईल, इतकं वाईट. बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने ते शोधलं, प्रकल्पाने दुरुस्ती काढली आणि २०१९ च्या सुरुवातीला सगळं जाहीर झालं. इथवर उत्तम. आता प्रश्न असा की दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे भोकही जाहीर झालं. ज्या दवाखान्याने त्यानंतर अपडेट केलं नाही, त्याच्या दाराची माहिती सगळ्या जगाला. बंद सॉफ्टवेअरमध्येही भोकं असतातच, फक्त ती आधी चोराला कळतात आणि मग तुम्हाला. तेव्हा उघडेपणाचा फायदा हवा असेल तर अपडेट करणारा माणूस नेमावाच लागतो.

माझा अनुभव सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना गुगल समर ऑफ कोड या, नवख्यांना काही महिने ओपन सोर्स प्रकल्पांवर काम देणाऱ्या उपक्रमातून ओपनएमआरएसवर काम केलं. २००७ पासून ते त्यात भाग घेतात. नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात. मला मिळालेलं काम रुग्णनोंदणीच्या फॉर्मचं होतं. व्यक्तीच्या टेबलात जन्मतारखेशेजारी 'जन्मतारीख अंदाजे आहे का' असा एक रकाना दिसला. मला तो फालतू वाटला. चर्चेत विचारलं. उत्तर एका डॉक्टरकडून आलं, तेही डोस देऊन: ज्या गावात कोणालाच जन्मतारीख माहीत नसते तिथे नर्स वय विचारते आणि मशीन तारीख बनवते. पुढे लहान मुलाचा डोस काढताना ती तारीख खरी आहे की बनवलेली, हे कळायलाच हवं. कॉलेजात डेटाबेसचा आख्खा पेपर दिला, पण असलं कोणी शिकवलं नव्हतं. आणि हे उत्तर मला एकट्याला मेलवर न येता सगळ्यांसमोर आलं, त्यामुळे माझ्यानंतर आलेल्या पोरालाही ते सापडलं असेल.

आता दुसरी बाजू. समर संपला की निम्मी पोरं गायब होतात. त्यांनी अर्धवट सोडलेलं काम मग कोणीतरी सांभाळत बसतं. आणि उघड्यावर भांडणं होतात म्हणजे ती मिटतातच असं नाही. २०१६ मध्ये ओपनएमआरएस आणि ओपनईएमआर (तसलंच दुसरं सॉफ्टवेअर) यांतली काही मंडळी बाहेर पडली आणि लिब्रेहेल्थ नावाने वेगळी चूल मांडली. परवानगी कोणाची लागली नाही, कोड घेतला आणि निघाले. चांगलं की वाईट, तुम्हीच ठरवा.

स्टेथो_आणि_स्पॅनर

धाग्यावर आमच्या जातीचं कोणी दिसेना म्हणून लिहितो. मी दवाखान्यांना सॉफ्टवेअर बनवून देणारा छोटा वेंडर. ज्यांच्यावर सगळे घसरतात, तो.

केसपेपरसाहेब, बाहम्नी मीही उघडून बघितलंय. क्लिनिकलची बाजू आमच्यापेक्षा चांगली आहे, मान्य. पण तुमच्या काउंटरवर दिवसभर चालतं काय? महात्मा फुले योजनेची प्री-ऑथ (आधीची मंजुरी), टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्यांची) फाईल, डिस्चार्जच्या वेळी ॲडव्हान्सची वजावट, औषधाचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी, जीएसटी, महिन्याअखेरी सीएला टॅलीत घ्यायला फाईल, आणि "हे आपल्या ट्रस्टींचे पाहुणे, बिलात बघा जरा." यातलं किती केनियात लागतं? ओडूत बिल निघतं, पण हे सगळं तुमच्या पद्धतीने बसवायला माणूस लागतो आणि तो फुकट येत नाही. फुकट मिळालेल्या म्हशीलाही वैरण रोजची.

शिवाय आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे टप्पे आहेत. पहिल्यात आभा नंबर (रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक) जोडायचा, पुढच्यात नोंदी द्यायच्या-घ्यायच्या. प्रत्येकाची वेगळी परीक्षा. आम्ही ते रडत-खडत करतोय.

बाकी लायसन्सचं वाचून घ्या. ओपनएमआरएस मोझिला लायसन्सखाली आहे, त्यात तुम्ही बदललेल्या फायली पुढे कोणाला दिल्यात तर त्या उघड्या ठेवायच्या, शेजारी स्वतःचं बंद काही जोडलं तर चालतं. बाहम्नी एजीपीएल नावाच्या लायसन्सखाली आहे. त्यात बदल करून तुम्ही ते नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं तर त्या लोकांना बदलाचा कोडही द्यावा लागतो. आमच्यासारख्याला त्यात पोट भरता येतं, पण लपवाछपवी करता येत नाही.

केसपेपर

स्टेथो, अगदी हीच बाजू हवी होती, धन्यवाद. वैरणीचं पटलं. पण एक सांगा, आज आमचा मालक धंदा बंद करतोय तेव्हा आमच्या हातात काय आहे? एक चालू प्रोग्राम, ज्याचा पासवर्डही आमच्याकडे नाही. वैरण आम्ही बंद सॉफ्टवेअरलाही घालतच होतो की. फरक एवढाच की म्हैस त्याच्या नावावर होती.

मेट्रनबाई

इतकं सगळं वाचलं. डॉक्टर बोलले, इंजिनिअर बोलले, वेंडर बोलले. वॉर्डमध्ये हे भरतं कोण?

आमच्याकडे आधीच्या दवाखान्यात एक 'सिस्टीम' आली होती. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट कागदावर, तोच परत संगणकात. इन्टेक-आउटपुट कागदावर, तेच परत संगणकात. इंजेक्शन दिल्याची सही कागदावरच, कारण केस झाली तर वकील कागद मागतो. रात्रपाळीला दोन सिस्टर, पेशंट भरलेले आणि सकाळी हँडओव्हरला विचारणार "एन्ट्री का बाकी?" बनवणारे दोन वेळा आले, सुपरिंटेंडंटच्या केबिनमध्ये बसून गेले. वॉर्डात पाऊल टाकलं नाही.

तुमच्या त्या उघड्या प्रकल्पात सिस्टरने तक्रार करायची कुठे? इंग्रजीत लिहायचं, तेही ड्यूटी संपवून घरी स्वयंपाक झाल्यावर? उघडं आहे म्हणे. दार उघडं असलं तरी उंबरठा आमच्या गळ्याइतका उंच आहे.

डॉ_बांधावरचे

मेट्रनबाईंना +१. आमच्या सिस्टर हेच म्हणतात, फक्त माझ्या तोंडावर म्हणत नाहीत.

जर्सीकर

मेट्रनबाई, तुमच्या प्रतिसादावरून एक गोष्ट आठवली, सांगतोच. इथे अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत व्हिस्टा नावाची यंत्रणा आहे. आज ज्याला ओपन सोर्स म्हणतात तो शब्दही नव्हता तेव्हाची, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मुख्यालयाला सगळं एका मोठ्या मध्यवर्ती संगणकावर हवं होतं. दवाखान्यांतल्या काही प्रोग्रामर आणि डॉक्टरांनी ते न जुमानता छोट्या मशिनवर मम्प्स या प्रोग्रामिंग भाषेत आपापली कामं उरकायला सुरुवात केली आणि लिहिलेलं एकमेकांना देत गेले. त्यांना 'हार्डहॅट्स' म्हणत. काहींच्या नोकऱ्यांवर गदा आली, पण शेवटी त्यांचंच काम अधिकृत झालं. सरकारी पैशातून बनलेलं असल्याने कोड माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली कोणालाही मिळतो. जॉर्डनने राष्ट्रीय कार्यक्रमासाठी हेच घेतलं.

आता नर्सची गोष्ट. कॅन्ससमधल्या टोपेकाच्या दवाखान्यात स्यू किनिक नावाच्या नर्स होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भाड्याची गाडी परत करताना पाहिलं की कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचला आणि हिशेब झाला. त्यांच्या मनात आलं, गाडीला जमतं तर पेशंटला का नाही? पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, औषधाची पुडी स्कॅन करायची, जुळलं तरच द्यायचं. तिथल्याच लोकांनी ते बनवून पाहिलं, चुकीच्या औषधाचे प्रकार कमी झाले आणि पुढे ते त्या खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत गेलं. हे झालं कारण प्रोग्रामर त्याच इमारतीत होता. त्यांना कुठे इंग्रजी फोरमवर तक्रार लिहावी लागली नाही. (अर्थात त्यांची बोली इंग्रजीच, हलकेच घ्या.)

पुढचं तितकं छान नाही. हळूहळू प्रोग्रामर दवाखान्यांतून काढून एका मध्यवर्ती विभागाखाली नेले, नवं काम मंदावलं. २०११ मध्ये ओसेहरा नावाची संस्था काढून बाहेरच्यांना सोबत घ्यायचा प्रयत्न झाला, ती २०२० मध्ये बंद पडली. २०१८ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर्सचं कंत्राट सर्नर या खाजगी कंपनीला दिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला नवी यंत्रणा सुरू झाली आणि तक्रारींचा इतका भडिमार झाला की २०२३ मध्ये पुढच्या दवाखान्यांतलं काम थांबवावं लागलं. कोड सगळा वेळ उघडाच होता बरं का. कोड लिहिणारे दवाखान्यातून उठले, तिथे घसरण सुरू झाली, असं माझं मत.

फ्योर्डकाठी

ऑस्लोहून लिहितेय. डीएचआयएस-२ चा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? दवाखान्यापेक्षा जिल्हा आणि राज्य पातळीचे आकडे गोळा करणारं हे सॉफ्टवेअर इथल्या विद्यापीठातून चालतं, पण जन्म दक्षिण आफ्रिकेतला. वर्णभेद संपल्यावर तिथे प्रत्येक वंशासाठी वेगळी असलेली आरोग्य यंत्रणा जोडून जिल्हे करायचे होते, त्यातून पहिली आवृत्ती आली. नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती पहिल्यांदा वापरली गेली ती २००६ मध्ये, केरळात. आज ७० हून जास्त देश वापरतात.

सहकार्य म्हणजे काय याचं माझं आवडतं उदाहरण इथलंच आहे. जानेवारी २०२० मध्ये, कोविडचं नाव नुकतंच कानावर येत असताना, श्रीलंकेतल्या डॉक्टर-प्रोग्रामर मंडळींनी आरोग्य मंत्रालयाबरोबर बसून विमानतळावर येणाऱ्या प्रवाशांची नोंद आणि पाठपुरावा करायचं काम डीएचआयएस-२ वर उभं केलं. नंतर कोण कोणाच्या संपर्कात आला हे चित्रात दाखवायची सोय हवी होती, ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. तिथल्याच स्वयंसेवकांनी ती लिहिली. त्यांनी ते स्वतःपुरतं न ठेवता सगळ्यांना दिलं, ऑस्लोच्या चमूने त्याचं तयार पॅकेज केलं आणि कितीतरी देशांनी ते उचललं. आणि मग नॉर्वेतल्या नगरपालिकांना संपर्क शोधायला काहीतरी हवं होतं, त्यांनी घेतलं ते हेच! पैसा इतकी वर्षं उत्तरेकडून दक्षिणेकडे जात होता, त्या वर्षी अक्कल उलट दिशेने आली. इथल्या वर्तमानपत्रांना त्याचं फार अप्रूप वाटलं, मला मात्र त्या अप्रूपाचंच हसू आलं.

केसपेपर यांच्या प्रश्नाबद्दल: इथेही मूळ कोडवर काम करणारा चमू बहुतांशी ऑस्लोत बसतो आणि पुढच्या आवृत्तीत काय येणार हा निर्णय शेवटी इथेच होतो. देशोदेशीचे गट मागण्या मांडतात, दरवर्षी इथे जमतात, वाद घालतात. पण किल्ली कोणाकडे, यात संदिग्धता नाही. मला ते वाईट वाटत नाही. सगळ्यांचं ऐकायचं आणि कोणीच ठरवायचं नाही, असेही प्रकल्प पाहिलेत.

खवचट_बाळ्या

थट्टा बाजूला. या सगळ्यांचे पगार कोण देतं? पुण्याची पोरं समरपुरती, श्रीलंकेचे स्वयंसेवक साथीपुरते. मंगळवारी दुपारी सर्व्हर बंद पडला तर?

तळटीप

बाळ्या, पहिल्यांदाच कामाचं विचारलंस.

डीएचआयएस-२ ला नॉर्वे सरकारची मदतसंस्था, एड्स-क्षयरोग-मलेरियासाठीचा ग्लोबल फंड, लसीकरणासाठीची 'गावी' ही संस्था असे देणगीदार आहेत. ओपनएमआरएसचंही बरंचसं देणग्यांवर आणि ते वापरणाऱ्या संस्थांनी आपले पगारी लोक तिथे बसवल्यावर चालतं. बाहम्नी आधी थॉटवर्क्सच्या सामाजिक उपक्रमातून चाललं. पुढे कंपनीने एकटीने ओझं वाहायचं थांबवलं आणि ते वापरणाऱ्या, बसवून देणाऱ्या संस्थांची आघाडी उभी राहिली. तिथे त्या प्रकल्पाची खरी परीक्षा होती. कंपनीच्या आत बसून ठरवायची सवय असलेलं सगळं आता बाहेरच्यांना समजेल असं लिहून काढावं लागलं. ज्यांनी आधीपासून उघड्यावर लिहिलं होतं, त्यांना हा बदल सोपा गेला असता, असं मला बाहेरून बघताना वाटलं.

मंगळवारी दुपारचं उत्तर: फोरमवर प्रश्न टाकला तर कोणीतरी सांगेल, पण कधी, याची हमी नाही. हमी हवी असेल तर बसवून देणाऱ्या संस्थेशी करार करा किंवा स्टेथोसारख्याला पटवा.

जाता जाता, रोगनिदानाचे कोड लावताना स्नोमेड सीटीचा, म्हणजे वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित यादीचा, विचार करा. भारत सदस्य देश असल्याने इथे ते वापरायला पैसे पडत नाहीत. पुण्यातच सी-डॅकमध्ये त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे.

स्टेथो_आणि_स्पॅनर

पटवायला मी तयार आहे. :) खरं सांगू का, बिल आणि योजनांची बाजू मी बाहम्नीवर बसवून उघडी टाकली, तर माझ्यासारख्या दुसऱ्या दहा जणांना ती पुन्हा लिहावी लागणार नाही. पण मग तेच दहा जण माझ्याच गिऱ्हाइकाला कमी भावात देणार. यावर उत्तर असेल तर सांगा, टोमणा नाही, खरंच विचारतोय.

जर्सीकर

उत्तर अर्धंच आहे. योजनेचे नियम बदलले की दहा जणांपैकी जो आधी दुरुस्ती करतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक येतं. तुम्ही मूळ लिहिणारे असाल तर तो बहुतेक वेळा तुम्हीच असाल. बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही.

मेट्रनबाई

मला कोणी उत्तर दिलं नाही, फक्त टोपेकाची गोष्ट सांगितली. गोष्ट छान होती.

केसपेपर

ताई, उत्तर द्यायला हवं होतं, बरोबर आहे. काल ट्रस्टींपुढे मी दोन मागण्या ठेवल्या. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, उघडं किंवा बंद, पण निवडायच्या आधी डेमो वॉर्डात होईल, रात्रपाळीला, सिस्टरच्या हातात. आणि सिस्टर जे मराठीत बोलतील ते लिहून घेऊन इंग्रजीत प्रकल्पाच्या चर्चेत टाकायचं काम माझं, ते माझ्या कामाच्या वेळेत धरायचं. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीवर "ते नंतर बघू" म्हणाले. आमच्याकडे नंतर बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे, तरी मी मिनिट्समध्ये लिहून घेतलंय.

डॉक्टरसाहेब, तुमच्या दोन क्लिकवाल्या प्रिस्क्रिप्शनचं: नेहमीच्या औषधांचे संच आधीच करून ठेवता येतात. तीन क्लिक होतील.

डॉ_बांधावरचे

तीन चालतील. पण ते संच मी सांगेन तसे, कंपनीच्या नावाने नकोत, जेनेरिक नावाने.

तळटीप

डॉक्टरसाहेब, मग हे इथे न लिहिता प्रकल्पाच्या चर्चेत लिहा. तुमच्यासारखे तिथे कमी पडतात.

स्टेथो_आणि_स्पॅनर

केसपेपर, तुमचा मालक दुकान बंद करायच्या आधी एक काम उरकून घ्या. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) मागाल तेव्हा एक्स-रे, सोनोग्राफीचे फोटो आणि स्कॅन केलेली संमतिपत्रं वेगळी मागा. बहुतेक जण ती डेटाबेसमध्ये ठेवत नाहीत, सर्व्हरवर एखाद्या फोल्डरमध्ये टाकतात आणि डेटाबेसमध्ये नुसता पत्ता असतो. नुसता डंप घेऊन गेलात तर पत्ते मिळतील, चित्रं नाही. डंप दुसऱ्या मशिनवर उघडून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि लॅबच्या तपासण्यांचे त्याचे स्वतःचे जे आकडी कोड असतील, त्यांची यादी नावांसकट एक्सेलमध्ये घ्या. नाहीतर नव्या सिस्टीममध्ये तुमची दहा वर्षांची शुगर '४१७' नावाची तपासणी होऊन बसेल.